छावणीतील हौशी बिनतारी मंडळे



हौस आणि लष्कर हे दोन शब्द शेजारी बसविले तर कानाला थोडे खटकतात. लष्करात हुकूम चालतो. हौशी माणसाला हुकमाचेच वावडे असते. त्यातून रेडिओची हौस म्हणजे तर दूरच्या अपरिचिताशी मोकळेपणी बोलण्याची हौस, आणि सैन्याला सर्वांत मोठी धास्ती असते ती ह्या मोकळ्या बोलण्याचीच. असे असूनही विसाव्या शतकात अनेक देशांच्या सैन्यांनी आपल्या छावण्यांत, विमानतळांवर व आरमारी तळांवर हौशी रेडिओची मंडळे नुसती खपवून घेतली नाहीत, तर त्यांना खोल्या दिल्या, जुनी यंत्रे दिली आणि एरियल उभारावयास खांबही दिले. त्यांतील पुष्कळ खोल्यांना आज कुलूप आहे. ही मंडळे कशी उभी राहिली, त्यांनी कोणते काम केले आणि ती का ओसरली, ह्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. उदाहरण मुख्यत्वे अमेरिकेचे घेतो, कारण हा पसारा तेथे सर्वांत मोठा होता. परंतु वाटेत आपल्या इंदूरजवळचे महू लागेल, आणि गोवाही ओझरते दिसेल.

प्रथम हौशी रेडिओ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. आपण घरी रेडिओ लावून गाणी ऐकतो, ते हे नव्हे. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवावयाचा आणि आपल्या स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी, मग तो शेजारच्या गावी असो की ब्राझीलमध्ये, आवाजाने अथवा मोर्सच्या कड-कट्टने संभाषण करावयाचे, असा हा छंद आहे. प्रत्येकाला अक्षरे व अंक मिळून झालेले एक संकेतनाम मिळते. ह्या कामातून पैसा मिळवावयाचा नाही, ही त्याची पहिली अट. ह्या मंडळींना इंग्रजीत 'हॅम' म्हणतात. तो शब्द कसा पडला ह्याच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्यांतली एकही विश्वास ठेवण्याजोगी नाही.

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर अमेरिकेने बिनतारीचा कायदा केला. त्यात सर्व चांगल्या, म्हणजे लांब, लहरी आरमाराने व व्यापारी कंपन्यांनी घेतल्या आणि हौशी मंडळींना दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरी तेवढ्या दिल्या. ह्या आखूड लहरी दूर जात नाहीत, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. भाऊबंदकीत वाटणी करताना खडकाळ तुकडा धाकट्याच्या गळ्यात मारावा, तसाच हा प्रकार. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा सर्व हौशी यंत्रे बंद करण्याचा हुकूम निघाला आणि हजारो हौशी तरुण लष्करात व आरमारात बिनतारी चालविण्यास गेले. बंदी उठण्यास १९१९ चा ऑक्टोबर उजाडला.

पुढे त्या खडकाळ तुकड्याला पाणी लागले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथून लेऑन देलॉय आणि अमेरिकेतून फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ ह्यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अटलांटिक महासागराच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. हौशी माणसांनी केलेले असे हे पहिलेच संभाषण. आयनांबराचे म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थराचे छत आखूड लहरींना परत खाली फेकते, म्हणून त्या इतक्या दूर जातात. हे हौशी मंडळींनी आधी करून दाखविले. त्याची नीट उपपत्ती विद्वानांनी मागाहून लावली.

ह्याच श्नेलला १९२५ साली अमेरिकन आरमाराने 'सिएटल' ह्या युद्धनौकेवर घेतले. ताफा पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे निघाला होता. आरमाराजवळ दीर्घलहरींची अजस्र यंत्रे होती. श्नेलचे लघुलहरींचे यंत्र त्यांच्यापुढे अगदीच लहान. पण त्या लहान यंत्रावरून तो सबंध प्रवासात घरोघरच्या हौशी मंडळींशी बोलत राहिला आणि लघुलहरींविषयी आरमाराची खात्री पटविण्यात ह्या प्रयोगाचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी अमेरिकन लष्कराच्या सिग्नल दलाने कॅप्टन टॉमस राइव्ह्‌स ह्यांच्या पुढाकाराने हौशी मंडळींची एक रीतसर यंत्रणा उभारली. लष्कराच्या तारा तुटल्या तर निरोप पोहोचविणारी माणसे देशभर आयती मिळावीत, हा उघड हेतू. दुसरा हेतू असा की, शांततेच्या काळात ज्यांना पगार देता येत नाही असे कुशल बिनतारी चालक स्वखर्चाने तयार होत राहावेत. सरकारला ह्याहून स्वस्त सौदा कोणता मिळणार?

छावणीतील मंडळाला आणखी एक कारण होते, आणि ते मला अधिक खरे वाटते. शांततेच्या काळातील शिपायाचे संध्याकाळचे तास फार लांब असतात. ज्याने दिवसभर मोर्स बडवली, तो संध्याकाळी हौशी परवान्याची परीक्षा सहज देऊ शके. अमेरिकेत वरच्या वर्गाच्या परवान्यासाठी मिनिटाला तेरा शब्दांचा वेग लागे. सिग्नलच्या शिपायाला तो डाव्या हाताचा खेळ. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लष्कराची 'बीसी-३४८' सारखी ग्राहक यंत्रे आणि विमानांतली 'आर्क-फाइव्ह' यंत्रे मोडीच्या भावात बाजारात आली, आणि हौशी मंडळींची एक पिढीच्या पिढी त्यांच्यावर वाढली. शिवाय लहरींवर पद कळत नाही. तेथे माणूस संकेतनामाने ओळखला जातो, मग तो कर्नल असो की साधा शिपाई.

युद्ध आले की मात्र हाच लष्करी हात हौशी माणसाचे तोंड प्रथम दाबी. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेत पुन्हा सर्व हौशी यंत्रे बंद झाली. ब्रिटनने १९३९ मध्येच परवाने थांबविले होते; पण तेथे एक गंमत झाली. बोलण्याची बंदी झालेल्या ह्या मंडळींचे कान मात्र सरकारला हवे होते. शेकडो हौशी माणसे रात्री आपापल्या घरी बसून जर्मन हेरखात्याचे क्षीण संकेत ऐकत, ते अक्षरशः टिपून घेत आणि कागद टपालाने बार्नेट गावच्या एका पेटी-क्रमांकावर पाठवीत. तेथून ते ब्लेचली पार्कच्या सांकेतिक लिपी फोडणाऱ्यांकडे जात.

हिंदुस्थानातही १९३९ साली परवाने बंद झाले. त्या बंदीतच १९४२ मध्ये मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' निघाला. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या ह्या गुप्त केंद्राचे यंत्र उभारण्यास नरिमन प्रिंटर ह्या बिनतारी जाणणाऱ्या गृहस्थांचे कसब कामी आले. नोव्हेंबरात पोलिसांनी छापा घालून ते बंद पाडले. हौशी माणसाच्या हातातील यंत्राकडे सरकार संशयाने का पाहते, ह्याचे उत्तर ह्या प्रकरणात आहे, आणि स्वतंत्र झाल्यावरही आपल्या सरकारचा तो संशय पुरता गेला नाही. तरीही स्वतंत्र भारतात हौशी मंडळींची राष्ट्रीय संस्था निघाली ती मुंबईत किंवा कलकत्त्यात नव्हे. १५ मे १९४८ रोजी महूच्या लष्करी सिग्नल विद्यालयात 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हिचे उद्घाटन झाले. परवानेधारक त्या वेळी देशात पन्नासच्या आसपास होते. पुढे संस्थेचे ठाणे दिल्लीस गेले आणि विद्यालयाचे १९६७ मध्ये सैनिकी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. महूस डॉ. आंबेडकरांच्या जन्मस्थानाचे दर्शन घेण्यास जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ह्या दुसऱ्या जन्माची वार्ता असेल. गोव्यापुरते सांगावयाचे तर, पोर्तुगीज अमलात तेथील संकेतनामे 'सीआर-८' ने सुरू होत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हौशी जगाच्या देशयादीतून गोवा व दमण-दीव ही नावे वगळली गेली. त्या काळी गोव्याशी बोलल्याचे कार्ड ज्याच्या संग्रहात आहे, त्याला ते आजही मोलाचे वाटते.

अमेरिकेत युद्धानंतर जुनी यंत्रणा पुन्हा सुरू झाली, आणि १९४८ च्या नोव्हेंबरात लष्कर व नवे विमानदल ह्यांची मिळून 'मार्स' नावाची यंत्रणा निघाली. हे आद्याक्षरांचे नाव. मूळ नावात 'हौशी' अशा अर्थाचा शब्द होता. पुढे त्याच्या जागी 'संलग्न' अशा अर्थाचा शब्द आला. १९६२ मध्ये आरमार व मरीन दलानेही आपली शाखा काढली. मार्सची खुबी नीट समजून घेतली पाहिजे. हौशी परवान्यावर तिऱ्हाईताचा निरोप परदेशी पाठविण्यास दोन देशांत खास करार लागतो. मार्सची स्थानके हौशी पट्ट्यांच्या लगतच्या लष्करी लहरींवर व लष्करी संकेतनामांनी चालत. त्यामुळे ही अडचण तेथे नव्हती. माणसे हौशी, यंत्रेही बहुधा त्यांच्याच पैशाची, पण लहर लष्कराची.

ह्या यंत्रणेचा खरा कस लागला व्हिएतनामच्या युद्धात. १९६५ नंतर अमेरिकेची फौज तेथे लाखांनी वाढत गेली. घरी टेलिफोन करणे शिपायाच्या आवाक्यातले नव्हते आणि पत्राला दिवस लागत. अशा वेळी मार्सच्या स्थानकापुढे रांग लागे. एखाद्या लाकडी झोपडीत किंवा वाळूच्या पोत्यांच्या आड प्रेषक यंत्र असे. तेथला चालक लघुलहरींवर अमेरिकेतील एखाद्या हौशी माणसाला गाठी. तो हौशी माणूस आपले यंत्र आपल्या घरच्या टेलिफोनला जोडी आणि तेथून शिपायाच्या घरी टेलिफोन लावी. महासागरावरचा प्रवास फुकट. देशातल्या देशात जो टेलिफोनचा आकार पडे, तेवढा घरच्यांनी द्यावयाचा. ह्या जोडणीला 'फोन पॅच' म्हणत. पॅच म्हणजे ठिगळ.

परंतु ह्या ठिगळातून एका वेळी एकाच बाजूने बोलता येई. वाक्य संपले की 'ओव्हर' म्हणावयाचे. ते ऐकून मधला चालक कळ फिरवी आणि मग दुसऱ्याचा आवाज येई. शिपायाला ह्याची सवय होती. घरच्या म्हातारीला ती कोठून असणार? मुलाचा आवाज ऐकून ती बोलतच सुटे, किंवा रडू लागे, आणि मध्ये बसलेला परका गृहस्थ नम्रपणे सांगे की, बाई, बोलणे झाले की 'ओव्हर' म्हणा. नवराबायकोच्या अगदी खाजगी बोलण्याच्या शेवटीही हा रुक्ष लष्करी शब्द यावयाचा, आणि ते सर्व बोलणे निदान दोन परक्या माणसांनी ऐकलेले असावयाचे. ठिकाणाचे नाव, पलटणीची हालचाल ह्यांचा उच्चार वर्ज्य. मागे रांग उभी असल्यामुळे मिनिटे मोजूनच मिळत. एवढ्या बंधनांतून जे बोलून होई, त्यासाठी माणसे तासन्‌तास उभी राहत, आणि नाताळच्या दिवसांत तर विचारूच नका.

निसर्गानेही ह्या कामी साहाय्य केले. सौरडागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. डाग वाढले की आयनांबराचे छत बळकट होते व उच्च वारंवारतेच्या लघुलहरी दूरवर स्वच्छ पोहोचतात. ते चक्र १९६८ च्या अखेरीस कळसाला पोहोचले होते, आणि युद्धाचेही तेच सर्वांत भीषण वर्ष होते. सायगावला रात्रीचे आठ वाजत तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम भागात पहाट असे. लोक झोपेतून उठण्यापूर्वी तेथील हौशी मंडळी यंत्रापुढे बसलेली असत. त्यांत ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर हे एक होते. १९६४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडलेले हे पुढारी व पुढे पुन्हा सिनेटर झालेले गृहस्थ, संकेतनाम के-७ यूजीए. त्यांच्या घरच्या स्थानकावर स्वयंसेवक पाळीपाळीने बसत आणि शिपायांचे पॅच लावून देत. त्यांचे युद्धखोर राजकारण मला पटण्याजोगे नाही. पण युद्धाच्या विरोधात असलेल्या आईबापांनाही त्यांच्या ह्या यंत्रावरून मुलाचा आवाज ऐकू आला असेल, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे ही पद्धत नव्हती. आपला जवान लडाखात असो की नागभूमीत, त्याचा आधार म्हणजे लष्करी टपाल. 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' हा पत्ता बेळगाव, सातारा, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत पोरांनाही पाठ असे. बेळगावला मराठा पलटणीचे केंद्र असल्यामुळे ह्या भागातील शिक्षकांनी जवानांच्या आईबापांची पत्रे वाचून दाखविण्याचे व लिहून देण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. तिकडचा मधला गृहस्थ कळ फिरवी, इकडचा मास्तर टाक चालवी.

ब्रिटनची तऱ्हा निराळी. तेथे विमानदलाची हौशी रेडिओ संस्था १९३८ मध्ये, आरमाराची १९६० मध्ये आणि सिग्नल दलाची १९६१ मध्ये निघाली. ह्या संस्थांनी टेलिफोन जोडून दिले नाहीत. सैन्यातील हौशी मंडळींचा स्नेह टिकविला. काळाच्या ओघात त्यांत नोकरीत असलेल्यांपेक्षा निवृत्तांचा भरणा अधिक झाला.

आता ओहोटीकडे वळू. तिचे खापर पुष्कळ लोक सरसकट नव्या यंत्रांवर फोडतात. हे अर्धेच खरे आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सौदी अरबस्तानच्या वाळवंटात टेलिफोन कंपन्यांनी उपग्रहांना जोडलेली टेलिफोनगृहे उभी केली. शिपाई स्वतःच नंबर फिरवून घरी बोलू लागला. मार्सने तारेसारखे लेखी निरोप त्याही वेळी पोहोचविले. पण २००३ नंतर इराकमध्ये छावणीतच संगणकाची केंद्रे झाली आणि खिशात मोबाइल आला, तेव्हा मधल्या गृहस्थाची गरजच उरली नाही. घरच्यांच्या दृष्टीने ही निखळ सुधारणा होती. कोणाही आईला 'ओव्हर' म्हणावयाची सक्ती नको, आणि जुन्या पद्धतीच्या प्रेमापोटी तिच्यावर ती कोणी लादूही नये.

दुसरे कारण छावणीच्या आतले आहे. सैन्यातील सिग्नलचा धंदाच बदलला. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९९५ मध्ये मोर्स सोडली; जगाच्या जहाजवाहतुकीतून ती १९९९ च्या फेब्रुवारीत गेली; आणि २००७ मध्ये अमेरिकेत हौशी परवान्यासाठीही मोर्सची परीक्षा उरली नाही. पूर्वी नोकरीत शिकलेले कसब संध्याकाळी हौशीत उपयोगी पडे आणि हौशीतले नोकरीत. आता शिपायाचे यंत्र बंद पेटीचे झाले. ते उघडून दुरुस्त करावयाचे नाही, बदलून टाकावयाचे. ज्या यंत्रात हातच घालता येत नाही, त्याची हौस कशी लागावी? त्यातच शीतयुद्ध संपले, तळ बंद होऊ लागले, खर्चाला कात्री लागली. एरियलचा खांब काढताना कोणी फारशी हरकत घेत नाही. लष्करी संगणकांच्या सुरक्षिततेचे नियमही कडक झाले, आणि तळावर बाहेरच्या यंत्राला परवानगी मिळविणे हीच एक मोहीम होऊन बसली.

ही ओहोटी छंदाची नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत हौशी परवाने १९६० च्या दशकात अडीच लाखांच्या आसपास होते; एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते सात लाखांच्या वर गेले. ओसरले ते सैन्य आणि हौस ह्यांचे नाते. मार्सच्या नावातच त्याचा मागोवा लागतो. २००९ मध्ये 'संलग्न' हाही शब्द गेला आणि 'साहाय्यक' असा आला. ३० सप्टेंबर २०१५ रोजी आरमार व मरीन दलाची शाखा बंद झाली. सभासदांना सांगण्यात आले की, इच्छा असल्यास लष्कराच्या किंवा विमानदलाच्या शाखेत जावे. पुष्कळांची वये झाली होती. हौशी मंडळींत कोणी वारला तर त्याला 'सायलेंट की' म्हणजे मुकी झालेली कळ म्हणतात, आणि ह्या शाखेतील तशा नावांची यादी लांब होती.

लष्कर व विमानदलाच्या शाखा मात्र टिकून आहेत. त्यांचे काम आता वेगळे आहे. उपग्रह निकामी केले गेले, किंवा सूर्यावरील मोठ्या वादळाने वीज व तारायंत्रे कोलमडली, तर लघुलहरींवरून जिल्ह्याजिल्ह्याची खबर सैन्याला कशी मिळावी, ह्याचा सराव त्या साठ मीटरच्या पट्ट्यावर सामान्य हौशी मंडळींना बरोबर घेऊन करतात. म्हणजे १९२५ चा मूळ हेतूच पुन्हा पुढे आला. अशा सरावाची गरज काल्पनिक नाही, हे आपल्याला अंदमानने दाखविले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी मंडळींचे एक पथक भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला होते. ह्या बाई दिल्लीच्या, संकेतनाम व्हीयू-२ आरबीआय. आणि त्यांच्या मोहिमेमागे हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था होती. सुरक्षेच्या कारणाने त्या बेटांवरून हौशी प्रेषणाची परवानगी वर्षानुवर्षे मिळत नव्हती. ती नुकतीच मिळाली होती. टेलिफोन बंद पडले, आणि गमतीसाठी नेलेली यंत्रे मुख्य भूमीशी निरोपांची देवघेव करू लागली.

अमेरिकेत दर वर्षी मे महिन्यात सशस्त्रदल दिनाच्या सुमारास एक जुना प्रघात अजून पाळला जातो. लष्करी स्थानके आपल्या लष्करी लहरींवरून हाक देतात आणि हौशी मंडळी आपल्या हौशी लहरींवरून तिला उत्तर देतात. कायद्याने एकाला दुसऱ्याच्या लहरीवर पाय ठेवता येत नाही. म्हणून लष्करी चालक आधी सांगतो की, मी अमुक हौशी लहरीवर कान लावून बसलो आहे. ज्याची हाक ऐकली गेली, त्याला नंतर टपालाने एक कार्ड मिळते.